अठरा दिवसांच्या सह्या

कस्तुरी निपाणीची. बोम्मसंद्र्याच्या कारखान्यात नऊ वर्षं मशीनवर काढल्यावर तिला तीन नंबरच्या लाइनची सुपरवायझर केलं. घरच्यांनी पेढे वाटले, तिला मात्र आनंद झाला नाही. कारण ही लाइन सगळ्यात मागे होती. प्रेसखाली पत्रा दाबून गाड्यांचे सुटे भाग काढायचे, आणि शंभरातले बारा-तेरा नग भंगारात जायचे. आधीचे दोन सुपरवायझर ओरडून ओरडून दमले नि गेले. प्लांट मॅनेजर रघुपती यांनी तिला आवाज न चढवता सांगितलं, की महिन्याभरात फरक दिसला नाही तर लाइन बंद, आणि लाइनवरच्या नऊही बायका घरी.

त्या धास्तीनं तीही बायकांच्या पाठीशी उभी राहून घाई करू लागली. नग का बिघडतात विचारलं, तर मान वर न करता कानडीत उत्तर यायचं, “गोत्तिल्ला अक्का.” माहीत नाही. कँटीनमध्ये ती ताट घेऊन आली, की चाललेलं बोलणं थांबायचं.

एका मंगळवारी अकराच्या सुमारास तिनं पाहिलं. लाइनवरच्या गंगव्वाचा हात प्रेसच्या आत होता आणि वरचा दट्ट्या खाली आला. केसाएवढ्या अंतरानं बोटं बाहेर निघाली.

हात आत गेला की सेन्सरनं मशीन थांबायला हवं होतं. कस्तुरीनं बटण दाबून मशीन बंद केलं नि वाकून पाहिलं. सेन्सर डावलून वायर परस्पर जोडलेली होती. तपासणीच्या कागदावर ‘सेन्सर चालू आहे’ या ओळीपुढे ती रोज सकाळी न बघता सही करत होती. अठरा दिवसांच्या अठरा सह्या. वायर गुपचूप काढून टाकावी, असंही क्षणभर तिच्या मनात आलं.

तसं न करता तिनं सगळ्यांना जवळ बोलावलं. तो कागद दाखवून ती म्हणाली, “मी न बघता सह्या केल्या. आज हात गेला असता, तर चूक माझी असती.”

मग अथणीची गंगव्वा, सगळ्यांत थोरली, मराठीतच म्हणाली, “वायर मी जोडून घेतली. सेन्सर उगाच दहा-दहा मिनिटाला मशीन बंद पाडायचा. नग कमी पडले की शिव्या. सांगितलं असतं, तर दुसऱ्या दिवशी गेटवरूनच परत पाठवलं असतं की गं.”

तिच्यामागून लाइनवरच्याच शिवलीलानं हळूच सांगितलं, की दिवाळीपासून साचाही हलतोय, म्हणून नग वाकडे येतात. कस्तुरीच्या लक्षात आलं. सगळ्यांना सगळं माहीत होतं, आणि भीतीनं सगळ्यांची तोंडं शिवली होती. तिचंही.

तो कागद घेऊन ती रघुपतींच्या केबिनमध्ये गेली. सगळं ऐकून त्यांनी एकच विचारलं, वायर जोडली कुणी?

“नाव नाही सांगणार, सर,” ती म्हणाली. “सह्या माझ्या आहेत. पण लाइन अशी चालू करणार नाही मी.”

त्यांनी कागद ओढून घेऊन वाचला. आता नोकरी गेलीच, असं ती धरून चालली. शेवटी त्यांनी तिला लेखी ताकीद दिली, आणि फिटरला फोन लावला.

लाइन दोन दिवस बंद राहिली. सेन्सर बदलला, साचा घट्ट बसवला. महिनाअखेर शंभरात पाच नग वाया जात होते. रघुपतींनी आणखी दोन महिने दिले, त्यापुढचा शब्द दिला नाही.

पुढच्याच आठवड्यात भर कामात शिवलीलानं आपणहून लाल बटण दाबलं. लाइन थांबली. नऊही जणी कस्तुरीच्या तोंडाकडे बघू लागल्या. आजचे नग कमी पडणार, हे तिला दिसत होतं. ती शिवलीलाजवळ गेली.

“बरं केलंस,” ती म्हणाली. “काय झालं, दाखव.”