चार बोटं कमी

मी बोलतेय ती विद्यापीठातल्या तोंडी परीक्षेच्या खोलीतली खुर्ची. टेबलाच्या पलीकडे त्या गुबगुबीत, उंच पाठीच्या खुर्च्या असतात ना, त्यांतली नव्हे. अलीकडची, एकटी. ज्याची परीक्षा असते त्याला माझ्यावर बसवतात आणि त्याच्या भीतीचं सगळं ओझं मी उचलते. माणसाचं वजन त्या मानाने काहीच नसतं.

तुम्ही म्हणाल, लाकडाला कसली आलीय भीती? अहो, जिच्यावर जन्मभर घाबरलेली माणसंच बसली, तिने शूर राहायचं तरी कुणाच्या जिवावर? आजही दाराची कडी वाजली की माझे सांधे आखडतात.

मी जन्माला आले तेव्हा अशी नव्हते. एका म्हाताऱ्या सुताराने मला अक्रोडाच्या लाकडातून घडवलं, चांगली ऐसपैस, टेबलाच्या मापाची. स्वतः माझ्यावर बसून, मागेपुढे हलून त्याने मला पारखलं आणि "झकास!" म्हणाला. मग थोरले कुलगुरू मला बघायला आले. हेच ते, ज्यांचा पितळी पुतळा मुख्य दाराशी हात पसरून उभा आहे. त्यांनी एकदा टेबलाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे पाहिलं.

"हिचे पाय चार बोटं कापा," ते म्हणाले.

"साहेब, बसणाऱ्याचे गुडघे पोटात जातील हो."

"जाऊ देत. ज्ञानाकडे मान वर करूनच बघायचं असतं."

सुताराने करवत घेतली. तो खर्रखर्र आवाज मी अजून विसरलेले नाही. त्या दिवसापासून मी ठेंगणी झाले आणि माझ्यावर बसणारा प्रत्येक जण लहान झाला.

आमचं शहर विद्यापीठावर जगतं. दर चौकात एक पुतळा आणि दर घरात एक भाडेकरू विद्यार्थी. न्हाव्याच्या दुकानात दाढीचा फेस गालावर वाळून जातो, पण वाद मिटत नाही. रस्त्यांच्या पाट्यांवर ज्यांची नावं आहेत ते बहुतेक सगळे थोर लोक एकेकाळी माझ्यावर बसलेले आहेत. ज्यांनी पुढे आकाशातल्या ताऱ्यांचा नकाशा काढला, त्यांना त्या दिवशी समोरच्या टेबलावर पाण्याचे पेले किती, तेही सांगता आलं नसतं. जे पुढे मोठे न्यायमूर्ती झाले आणि ज्यांच्या नुसत्या खाकरण्याने कोर्ट गप्प व्हायचं, त्यांनी घाम पुसायला स्वतःचा टाय वापरला होता.

यातला प्रत्येक जण एक गोष्ट न चुकता करायचा. प्रश्न आला की त्याचा डावा हात माझ्या लाकडी हाताखाली जायचा आणि नख लाकूड कोरायला लागायचं. वरून काही दिसायचं नाही. सगळा थोरपणा मी असा खालच्या अंगाला सोसला आहे. पुढे हीच माणसं टेबलाच्या पलीकडे जाऊन बसायची आणि तिथून प्रश्न विचारताना माझ्याकडे अशी बघायची, जणू आपली कधी ओळखच नव्हती.

सगळ्यांत जास्त विसरल्या त्या मोठ्या बाई. मुलं पाठीमागे त्यांना थंडीबाई म्हणत, कारण त्या आल्या की खोली गार पडायची. माझ्यावर बसलेली पहिली बाई तीच. तेव्हा तिचा आवाज फुटत नव्हता आणि तिच्या नखाने एवढा खोल चंद्र कोरला होता की मला वाटलं, माझा हात आरपार कोरला जातोय. आता त्या मुख्य परीक्षक होत्या. त्यांनी पेन खाली ठेवलं की समोरच्याची पाचावर धारण बसायची.

आणि एका सकाळी माझी पाळी आली. शिपाईकाका मला पुसत होते. पुसता पुसता त्यांचा फडका माझ्या मागच्या पायाशी थांबला.

"अरे देवा. तडा गेलाय की हिला!"

मला तो केव्हाच कळला होता. पण खुर्ची सांगणार कुणाला? काकांनी खिशातून सुतळी काढली, पायाला चार वेढे दिले आणि मला थोपटलं. "आजचा दिवस काढ, बाई. उद्या बघू." त्यांचाही जीव थाऱ्यावर नव्हता, कारण दुसरी खुर्ची आणायला आता वेळच नव्हता.

त्या दिवशी मास्तर येणार होते. परगावच्या शाळेत शिकवणारा साधा माणूस. या शहरातल्या रस्त्यांना पाट्यांवरची नावं सोडून विद्यार्थ्यांनी कोणकोणती नावं ठेवली आणि का ठेवली, यावर त्यांनी प्रबंध लिहिला होता. दोनदा ते माझ्यावर बसले आणि दोन्ही वेळा पहिल्याच प्रश्नाला त्यांची दातखीळ बसली. आमच्याकडे परीक्षा उघड्या दाराने होते, गावातलं कुणीही येऊन मागच्या बाकांवर बसतं. तिथून कुणीतरी खुदकन हसलं की मास्तर संपायचे. आज त्यांची तिसरी संधी होती आणि नियमाप्रमाणे शेवटची.

माझी भीती तुम्हाला कळली असेल. ते बसले आणि मी मोडले, तर खोली हसेल. खोली हसली, तर या माणसाच्या तोंडून शब्द निघणार नाही, आणि मग कधीच नाही.

बाक भरले. मास्तरांची बायको पहिल्याच रांगेत बसली होती. "अहो, आधी घोटभर पाणी प्या," ती हळूच म्हणाली. मास्तर पाणी प्यायले, निम्मं सदऱ्यावर सांडलं. मग थंडीबाई आल्या आणि मास्तर माझ्यावर बसले.

माझा पाय कुरकुरला. मी सगळ्या सांध्यांनी स्वतःला आवळून धरलं.

"सुरुवात सोपी करू," एक वयस्कर परीक्षक म्हणाले. "हाच विषय का घेतलात?"

मास्तरांनी तोंड उघडलं. आवाज आला नाही. त्यांचा डावा हात माझ्या हाताखाली गेला आणि नख चालू लागलं. मागे कुणीतरी खाकरलं. कुणीतरी कुणाच्या कानात काही बोललं. आता हसतील, मला वाटलं, आता हसतील. मास्तरांच्या पाठीचा घाम माझ्या पाठीत उतरत होता.

थंडीबाईंनी पेन खाली ठेवलं. माझं काळीज म्हणून जे काही असेल ते थांबलं. पण त्या मास्तरांच्या तोंडाकडे बघत नव्हत्या. त्या त्यांच्या हाताकडे बघत होत्या, लाकडाखाली काय चाललंय ते ओळखून. 

मग त्या उठल्या आणि टेबलाला वळसा घालून अलीकडे आल्या.

"उठा," त्या म्हणाल्या.

मास्तर पांढरेफटक पडले. त्यांची बायको बाकावरून अर्धी उठली.

"उठा म्हणते ना. तिकडे माझ्या जागेवर जाऊन बसा."

"मी?"

"तुम्हीच. मुलांना रोज प्रश्न विचारता ना? मग आज मला विचारा. तुमच्याच विषयातलं."

आणि त्या माझ्यावर बसल्या. गुडघे थेट पोटाशी आले. त्यांनी मान वर केली, टेबलापलीकडच्या आपल्या सोबत्यांकडे पाहिलं आणि पुटपुटल्या, "अगं बाई, इथून किती भयंकर दिसतो आपण!" त्यांचा डावा हात खाली गेला. बोट चाचपडत चाचपडत त्या चंद्रापाशी आलं आणि तिथेच राहिलं. 

मास्तर त्या उंच खुर्चीच्या कडेवर टेकले होते. बारीक आवाजात त्यांनी विचारलं, "नापासांचा पूल... त्याला ते नाव का पडलं?"

"नापास झालेली मुलं तिथे जाऊन रडत बसायची म्हणून."

"नाही."

 थंडीबाईंना 'नाही' म्हटलेलं या शहरात कुणी ऐकलेलं नव्हतं.

"नाही बाई, तसं नाही," मास्तर म्हणाले, आणि आता तो वर्गातला आवाज होता. "रडायला कुणी पुलावर जात नाही. पुलापलीकडे स्टेशन आहे. नापास झालेला सामान घेऊन घरी निघायचा, आणि पुलावर थांबायचा, कारण विद्यापीठाचा मनोरा तिथून शेवटचा दिसतो. पुढे रस्ता वळतो. मी स्वतः थांबलोय तिथे, दोनदा."

आणि त्याच क्षणी माझा पाय गेला.

आवाज फार झाला नाही. सुतळी ताणली गेली, तडा उघडला आणि मी मागे कलले. बाईंना ते कळलं. त्या ओरडतील, उठतील, मास्तरांचं बोलणं तुटेल, सगळं मुसळ केरात जाईल, असं मला वाटलं. पण बाईंनी दोन्ही पावलं जमिनीत रोवली, माझा हात घट्ट धरला आणि स्वतःचा भार स्वतःच्या गुडघ्यांवर घेतला. बसल्यासारखं दाखवत त्या अधांतरी राहिल्या. वर चेहऱ्यावर काही नाही, खाली पोटऱ्या लटलट कापतायत. मी तीन पायांवर तोल सांभाळत होते आणि त्या दोन पायांवर.

मास्तर बोलत होते. जागरणाची गल्ली, रुसव्याचा जिना, ज्या कोपऱ्यावर कुणी प्रबंधाचं नाव काढायचं नाही असा तो चहाचा कोपरा. मागचे बाक हसले, पण आता त्यांना सोबत घेऊन हसले. संपव रे बाबा लवकर, मी मनात म्हणत होते, आणि त्याच वेळी, नको, थांबू नकोस. आम्ही दोघींनी मिळून तो माणूस उचलून धरला होता आणि हे त्याला माहीतही नव्हतं.

शेवटी वयस्कर परीक्षकांनी बाकीच्यांकडे पाहिलं. "आमच्याकडून पास."

"माझ्याकडूनही," थंडीबाई म्हणाल्या. "आता कुणीतरी मला हात द्या, नाहीतर मी पडतेय."

मास्तरच धावले. बाई उठल्या आणि मी धाडकन आडवी झाले. कुणी हसलं नाही. मास्तरांची बायको पदराने डोळे पुसत होती आणि शिपाईकाका सुतळीकडे बघत उभे होते.

आता मी एका दुसऱ्या सुताराच्या दुकानात उलटी पडले आहे. तो म्हणतो, चारही पाय नवे लागतील. काल बाई काठी टेकत येऊन गेल्या. गुडघे अजून दुखतायत त्यांचे. माझ्या हाताखालच्या खुणा बघून सुताराने विचारलं, "हे सगळं घासून काढू का?"

"त्याला हात लावायचा नाही. पाय मात्र टेबलाच्या मापाचे करा."

आज विद्यापीठाच्या कचेरीतून माणूस आला होता. परंपरा आहे, पाय होते तेवढ्याच उंचीचे ठेवा, असा निरोप देऊन गेला. सुताराने कान खाजवला आणि नव्या लाकडावर पेन्सिलीने दोन रेघा मारल्या. दोन्हींत अंतर आहे चार बोटांचं. मघाशी त्याने उगाच त्या चंद्रावर स्वतःचं नख ठेवून पाहिलं, आणि मग करवत उचलली.

कुठल्या रेघेवर ठेवेल, मला माहीत नाही. मी फार घाबरले आहे. तुम्ही कधी टेबलाच्या पलीकडे बसणार असाल, तर आधी एकदा माझ्यावर येऊन बसा. डावा हात खाली घाला. तिथे तुमच्याही नखाची खूण सापडेल.