आता सोडा

सोनोग्राफीच्या खोलीत वहिनींची दिवसभर दोनच वाक्यं चालत. "श्वास धरा" आणि "आता सोडा". श्वास धरला की पायाच्या शिरेतलं रक्त थबकतं, सोडला की सुसाट निघतं, आणि मशीनमधून त्याचा आवाज भरतो, ओसरतो. वर पोटात शिरेला चिमटा बसला असेल तर तोच आवाज एकसुरी होतो. शीर श्वास घेते की नाही, हे वहिनी डोळे मिटून सांगत.

गेल्या वर्षी सासूबाईंचा डावा पाय सुजला, तेव्हा मात्र त्यांनी तो मांडीपर्यंतच तपासला. सासूचं पोट उघडं करून त्यावर मशीनचा प्रोब दाबायचा, हे काही त्यांच्याने होईना, आणि सासूबाईंनाही ते नकोच होतं. परक्यांपुढे कधी न बुजणारी बाई घरच्या माणसापुढे बुजली. त्यातच "श्वास धरा" म्हटलं आणि कुणीतरी दारातून हाक मारली, म्हणून त्या बाहेर गेल्या. परतल्या तेव्हा सासूबाई लालबुंद झाल्या होत्या.

"तू सोडा म्हणालीच नाहीस," त्या धापा टाकत म्हणाल्या. दोघी पोट धरधरून हसल्या. वहिनींनी रिपोर्टमध्ये 'सर्व ठीक' लिहिलं. नवव्या दिवशी रक्ताची गाठ फुप्फुसात गेली आणि सासूबाई गेल्या. पोटाचं तपासायचं राहिलं होतं, हे वहिनींनी कुणालाच सांगितलं नाही.

आता धाकट्या नणंदेचा पाय सुजला होता. तोही डावाच. या वेळी वहिनींनी आधी पोटावरच जेल ओतलं. जेल थंड आहे म्हणून नणंद कुरकुरली, तिकडे त्यांनी लक्षच दिलं नाही. उजवीकडची धमनी डाव्या शिरेवर आडवी पडली होती आणि तिने शीर मणक्यावर दाबून पार चपटी केली होती. सासूबाईंचंही हेच झालं असणार. वहिनींना स्वतःची भयंकर चीड आली.

"श्वास धर," त्या म्हणाल्या. "सोड." नणंदेने सोडला. मशीनमधून एकसुरी आवाजही आला नाही. कुणीतरी खोलीत श्वास धरून बसावं, तशी शांतता पसरली.

चौथ्या दिवशी डॉक्टरांनी मांडीतून बारीक नळी शिरेत सरकवली. तिच्या टोकाला इवलासा प्रोब होता, त्यामुळे शीर आतून दिसत होती. चपट्या जागी फुगा फुगवला, जाळी बसवली, शीर छान गोल झाली. पण रक्त पुढे सरकेना. गाठ नव्हती, अडथळा नव्हता. डॉक्टरांनी दोनदा पाहिलं. शुद्धीत असलेली नणंद म्हणाली, पाय बधिर होतोय. तिची बोटं निळसर दिसू लागली होती.

शेजारी उभ्या असलेल्या वहिनींनी बाहेरचा प्रोब मांडीवर टेकवला. "श्वास धर. सोड." काही नाही. पुन्हा "सोड." काहीच नाही.

मग त्या अगदी हळू म्हणाल्या, "चुकलं माझं. आता सोडा."

आवाज सुटला. नणंद घाबरून भराभर श्वास घेत होती, पण मशीनमधला आवाज संथ होता, फार दमलेल्या बाईसारखा. तो दोनदा भरला, ओसरला, आणि मग नणंदेच्या श्वासाशी जुळला. बोटांवर रंग परतला. डॉक्टरांनी घाम पुसला.

"वहिनी," नणंद म्हणाली, "मला अहोजाहो कधीपासून करायला लागलीस?"

"तुला नाही म्हटलं," वहिनी म्हणाल्या, आणि इतके दिवस लपवलेलं तिला सांगायला तिच्या उशाशी बसल्या.