पाचवं अक्षर

होडीवरची स्टिकरची अक्षरं काढायची म्हणजे आधी हीट गनची ऊब द्यायची, कोपरा सुटला की प्लास्टिकची पट्टी आत सरकवायची आणि घाई न करता सोलत न्यायचं. पेंटरच्या डाव्या हातचा मळ. आज मात्र दोन तासांत त्याची चारच अक्षरं निघाली होती. पाचव्याला हात लावायला तो धजत नव्हता.

होडी त्याच्या थोरल्या भावाची. आठ महिन्यांपूर्वी भाऊ एकटाच मासे धरायला गेला. दुसऱ्या दिवशी होडी पाण्याने भरलेली सापडली, चौथ्या दिवशी तो. लोकांनी बसल्या जागी निकाल दिला, प्यायला असणार. वर्षभर त्याने थेंबाला शिवलं नव्हतं, पण एकदा बदनाम झालेल्या माणसाचा पिच्छा लोक मेल्यावरही सोडत नाहीत. वहिनी दुकानात शिरली की बोलणी बंद व्हायची. आता ती होडी विकत होती आणि घेणाऱ्याला जुनं नाव नको होतं.

"भाऊजी, दमला असाल. राहू दे आता," शेजारी खोक्यावर बसलेली वहिनी म्हणाली.

"एवढं काढतो, वहिनी."

खोटं कशाला सांगा, त्याची पाचावर धारण बसली होती. तीन वर्षांपूर्वी ही अक्षरं लावताना त्याला नेमकी इथे केसाएवढी चीर दिसली होती. आतून फळ्या ठोकलेल्या, त्यामुळे तिकडून काही कळायचं नाही. घासून, भरून, वाळवायला दोन दिवस गेले असते आणि तो ज्यांच्याकडे कामाला होता त्या साहेबांना पुढच्या कामाची घाई. वरचा रंगच तडकलाय अशी त्याने स्वतःची समजूत घातली, पाचवं अक्षर बोटभर डावीकडे सरकवलं आणि चीर झाकली. भावाला सांगू सांगू म्हणता राहूनच गेलं. भाऊ बिचारा त्या अक्षरांवर इतका खूश, की येणाऱ्याजाणाऱ्याला धरून दाखवायचा.

शेवटी त्याने गन लावली. अक्षर सुटलं आणि पट्टी मुठीपर्यंत आत गेली. चीर तिथून निघून थेट तळापर्यंत उतरली होती. खाली शेवाळाच्या थरात ती कुणाला दिसली नव्हती.

वहिनी जवळ आली. तिने फटीत बोट घातलं.

"पाणी इथून शिरलं?"

"हो."

"म्हणजे हे शुद्धीत होते." ती होडीला डोकं टेकून हमसाहमशी रडायला लागली. "मलासुद्धा वाटलं होतं हो, भाऊजी, की प्यायलेच असतील. आठ महिने मनातल्या मनात शिव्या घातल्या मी त्यांना."

पेंटर गप्प बसला असता तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. तसा विचारही त्याच्या मनात येऊन गेला.

"ही चीर कुणालाच कशी दिसली नाही?" तिने विचारलं.

"मला दिसली होती," तो म्हणाला. "मीच झाकली."

तिने पदराने तोंड पुसलं.

"चला."

"कुठे?"

"यांना जिथे जिथे दारुडा म्हटलं, तिथे तिथे. प्रत्येक दारात तुम्ही बोलायचं. मी नुसती उभी राहीन."

तो खाली मान घालून तिच्या मागे निघाला. पहिलं दार त्याच्या आईचं होतं.