विषयपत्रिकेवर नसलेला विषय

आपल्या लोकांचं एक आहे. तिघं जमले की मंडळ, आणि मंडळ झालं की चार पदं. माणसं तीन आणि पदं चार कशी, असं विचारू नये. एक पद मुंबईवाल्यांसाठी राखून ठेवावं लागतं. देवरूखच्या त्या कॉलेजात 'नवी पालवी बौद्ध विद्यार्थी मंडळ' निघालं तेव्हा पोरं अकरा होती, आणि पदंही बरोब्बर अकरा निघाली. अध्यक्ष, कार्याध्यक्ष, उपाध्यक्ष, सरचिटणीस, चिटणीस, सहचिटणीस, संघटक, प्रसिद्धीप्रमुख, सल्लागार, खजिना नसलेला खजिनदार, आणि त्याच्यावर नजर ठेवायला हिशेबतपासनीस. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर अकराही जण अ‍ॅडमिन. साधा सभासद म्हणून औषधाला माणूस उरला नाही.

अध्यक्ष सम्यक कदम, टी.वाय.बी.ए. मंडळाची घटना त्यानं स्वतः लिहिली होती, बेचाळीस कलमांची. गावी कुणी विचारलं, "काय रे, कॉलेजात काय करतोस?" तर तो सांगे, "घटना लिहिली," आणि विचारणारा चपापून दोन पावलं मागे सरके. कलम नऊमध्ये बॅनरवरच्या फोटोंचा क्रम होता. कलम तेवीसमध्ये प्रमुख पाहुणे उशिरा आल्यावर काय करायचं ते होतं. 'आल्यास' नव्हे, 'आल्यावर'. माणूस अनुभवी.

आणि भाषण! चौदा एप्रिलला आपल्या गावी, पाटकोंडच्या वाडीत, सम्यक माईकसमोर उभा राहिला की आजूबाजूच्या झाडांवरचे कावळे उठायचे. "ताठ मानेनं जगा! आपली ओळख लपवू नका!" हे त्याचं ठरलेलं वाक्य. त्यावर म्हाताऱ्या यमुनाबाई डोळ्याला पदर लावायच्या आणि सम्यकला वाटायचं, आपण काहीतरी केलं बुवा.

आता याच सम्यकचं दुपारचं ऐका. दुपारी एक वाजता तो कँटीनमध्ये विनोदच्या टोळक्यात डबा खायला बसे. पहिल्या वर्षी, अगदी पहिल्या दिवशी, विनोदनं विचारलं होतं, "कदम म्हणजे कुठले रे तुम्ही? वाडी कुठली?" आपल्याकडे कदम याही वाडीत असतात नि त्याही वाडीत, म्हणून आडनावावर कुणाचं भागत नाही, वाडी विचारावी लागते. आणि कावळे उडवणारा हा वक्ता म्हणाला, "वाडी नाय रे. इथेच, देवरूखात. स्टँडच्या मागे."

झालं. तेव्हापासून दोन वर्षं तो स्टँडच्या मागे राहत होता. सकाळी पाटकोंडच्या एसटीतून उतरला की स्टँडला वळसा घालून मागच्या बाजूनं कॉलेजला यायचा, कुणी बघितलंच तर घरून निघालाय असं वाटावं म्हणून. पावसात त्या चिखलात दोनदा आपटलासुद्धा. पण विनोदचा त्याच्यावर जीव होता, हे नक्की. गणपतीत विनोदच्या घरचे उकडीचे मोदक कॉलेजात यायचे, खास सम्यकसाठी, वेगळ्या डब्यातून. बाकीच्या मित्रांना घरी जावं लागायचं. सम्यकला वाटे, बघा, माझी एवढी पायपीट वाचवतो!

तर एका बुधवारी चार वाजता रिकाम्या वर्गात मंडळाची सभा भरली होती. दारात एक मुलगी येऊन उभी राहिली. एफ.वाय. सायन्सची, नाव दीक्षा. वरच्या डोंगरातल्या गावाहून पहिल्या एसटीनं यायची. तिच्या वाडीतून सायन्सला आलेली ती पहिलीच मुलगी.

"मला सभासद व्हायचंय," ती म्हणाली.

अकरा पदाधिकारी एकमेकांकडे बघू लागले. सरचिटणीस सहदेवनं घटनेची फाईल काढली, बोट ओलं करून पानं उलटली, पुन्हा उलटली आणि हळूच म्हणाला, "अध्यक्ष, साध्या सभासदाची तरतूद नाय."

"म्हणजे?"

"म्हणजे पदाधिकारी कसे निवडायचे ते हाय. सभासद कसा करायचा ते लिहायचं राहिलं."

सम्यकनं घसा साफ केला. "अर्ज द्या. कलम सतरानुसार पंधरा दिवसांनी कार्यकारिणीत ठेवू. दुरुस्ती करावी लागेल."

दीक्षानं मान हलवली, पण ती गेली नाही. म्हणाली, "एक विचारू? तुम्ही सगळे दुपारी डबा खायला कुठे बसता?"

उत्तर म्हणून खजिनदाराच्या पोटातला आवाज तेवढा सगळ्यांना ऐकू आला. सम्यकनं समोरच्या कागदावर नजर फिरवली आणि उभ्या आयुष्यात माणसानं बोलू नये असं वाक्य बोलला.

"तो विषय आजच्या विषयपत्रिकेवर नाही."

"बरं," दीक्षा म्हणाली आणि गेली. मग सभेत वर्धापनदिनाच्या बॅनरवर पाऊण तास चर्चा झाली.

शुक्रवारी उपाध्यक्षा सुनंदानं सम्यकला जिन्यात गाठलं. सुनंदा चिपळूणकडची, तोंडाची फटकळ. "ती पोरगी कॉलेज सोडल्याचा दाखला काढतेय. उद्या शनिवारी घेऊन जाणार."

"कोण पोरगी?"

"अर्ज दे म्हणालास ती! पहिल्या दिवशी वर्गात मुलींनी विचारलं वाडी कुठली, हिनं सांगितलं बौद्धवाडी. सरळ सांगितलं. मग बाकावर जागा धरलेली असायला लागली. रोज धरलेली. डबा खाताना तर कुणी काही बोलत नाय, नुसत्या सरकतात. तीन महिने ती पाण्याच्या टाकीमागे उभ्यानं जेवतेय, सम्यक. बाप लोट्याच्या एमआयडीसीत कंपनीत आहे, तो म्हणाला, नको वाटत असेल तर ये इकडे, पॅकिंगला मुली घेतात. सोमवारपासून जाणार."

सम्यकचं रक्त तापलं. खरंच तापलं, त्यात खोट नव्हती. पण तापलेल्या रक्ताचं करायचं काय, हे त्याला एकाच पद्धतीनं ठाऊक होतं. त्यानं तातडीची सभा बोलावली. निषेधाचा ठराव मांडला. प्राचार्यांना शिष्टमंडळ, पेपरला बातमी, गेटवर बॅनर. प्रसिद्धीप्रमुख फोटोसाठी केस विंचरू लागला.

"अरे मेल्यांनो!" सुनंदा बाकावर हात आपटून ओरडली. "तिनं ठराव मागितला काय? तिनं एक गोष्ट विचारली होती. डबा कुठे खाता? सांगा ना! मी सांगते माझं. मी लायब्ररीच्या मागच्या पायरीवर खाते, पाच मिनिटांत, पुस्तक पुढ्यात धरून. अभ्यासू आहे म्हणून नाय. सहदेव, तू?"

सहदेव खाली बघत म्हणाला, "सायकल स्टँडला."

मग एकेक निघालं. कुणी एसटी स्टँडच्या बाकावर, कुणी मामाच्या दुकानात, कार्याध्यक्ष तर डबा आणतच नव्हता, भूक लागत नाही म्हणायचा. अकरा पदाधिकारी, अकरा ठिकाणं. एवढं मोठं मंडळ, पण एकत्र बसून घास म्हणून कधी खाल्ला नव्हता.

"आणि अध्यक्ष?" सुनंदानं विचारलं.

"कँटीनमध्ये," सम्यक म्हणाला. क्षणभर त्याला बरं वाटलं, निदान आपण तरी उजेडात जेवतो.

"विनोदच्यात. माहितीय. तिथे वाडी कुठली सांगितलीस?"

लोकां सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण! सम्यकचं पितळ असं भर सभेत उघडं पडलं. "स्टँडच्या मागे," तो पुटपुटला. कुणी हसलं नाही. हसले असते तर परवडलं असतं. त्याला टाकीमागे उभी राहून जेवणारी दीक्षा दिसायला लागली. तिनं पहिल्याच दिवशी जे सरळ सांगितलं, ते सांगायला याची दोन वर्षं आणि बेचाळीस कलमं पुरली नव्हती. लाज वाटली त्याला. अगदी आतून लाज वाटली.

शनिवारी एकला पाच मिनिटं कमी असताना सम्यक कँटीनच्या दारात उभा होता. समोरच ऑफिसच्या खिडकीपाशी रांगेत दीक्षा होती, पाठीला बॅग, हातात अर्जाचा कागद. आतून विनोदनं हाक मारली, "सम्या, ये! आज आईनं घावणे दिलेत."

सम्यक टेबलापाशी गेला, पण बसला नाही. रात्रभर त्यानं भाषण पाठ केलं होतं. "मित्रांनो," त्यानं सुरुवात केली, "आज मी तुम्हाला एक गोष्ट सांगणार आहे. गेली दोन वर्षं ज्या एका असत्याच्या..."

"काय झालंय रे तुला? बस की."

भाषण तिथेच मेलं. "मी स्टँडच्या मागे राहत नाय," सम्यक म्हणाला.

"माहितीय," विनोद घावणा मोडत म्हणाला. "स्टँडच्या मागे मुतारी हाय."

"मी पाटकोंडचा. बौद्धवाडीतला."

"ते पण माहितीय. अरे, सम्यक असं नाव आमच्यात कोण ठेवतं?"

आता बोला! बापानं चारचौघांत पेढे वाटून ठेवलेलं नाव कपाळावर पाटी लावावी तसं घेऊन हा दोन वर्षं लपत होता. चिखलात आपटला होता! सम्यकला आपलंच हसू आलं.

"कधीपासून माहितीय?"

"पहिल्या दिवसापासून. तू बोलत नव्हतास, म्हटलं नसेल आवडत."

मग ते मोदक आठवले. वेगळ्या डब्यातून आलेले, खास. "विन्या," सम्यकनं विचारलं, "म्हणून मला गणपतीत घरी नाय बोलावलंस?"

विनोदचा घास हातातच राहिला. तो वाईट मुलगा नव्हता. वाईट असता तर पटकन खोटं बोलला असता. "घरी आजी असते रे," तो म्हणाला, आणि घास परत डब्यात ठेवला.

सम्यकनं मान हलवली. मोदक छान होते, यात वाद नाही. त्यानं आपला डबा उचलला आणि समोरच्या लांब रिकाम्या टेबलाकडे गेला. कँटीनच्या मधोमध ते टेबल होतं, पंख्याखाली, सगळ्यांच्या नजरेत. तिथे तो एकटा बसला. चौदा एप्रिलला हजार माणसांसमोर उभं राहणं याहून सोपं होतं.

त्यानं बसल्या जागेवरून दाराबाहेर हाक मारली, "दीक्षा!"

ती वळली. ऑफिसची खिडकी तेवढ्यात खाडकन बंद झाली. शनिवार, एक वाजला. ती कागद हातात धरून कँटीनच्या दारापर्यंत आली आणि तिथेच थांबली.

"तू विचारलं होतंस ना, कुठे बसतो," सम्यक म्हणाला. "इथे बसतो."

"कधीपासून?"

खोटं बोलायची सवय वाईट, जिभेवर 'नेहमीच' आलंसुद्धा होतं. त्यानं ते गिळलं. "आत्तापासून."

दीक्षा एक पाऊल आत आली. मग तिनं तोच प्रश्न विचारला, जो तिला पहिल्या दिवशी विचारला गेला होता.

"तुमची वाडी कुठली?"

कँटीनमधले चमचे थांबले. विनोदच्या टेबलावरची चार तोंडं इकडे वळली. कोपऱ्यात एफ.वाय.च्या मुली बसल्या होत्या, त्याही बघू लागल्या.

"बौद्धवाडी," सम्यक म्हणाला. आवाज उंदरासारखा आला.

"ऐकू नाय आलं."

"बौद्धवाडी! पाटकोंड, बौद्धवाडी!" यावेळी मात्र आवाज असा आला की काउंटरवरच्या गोदाकाकूंच्या हातातला झारा कढईत पडला.

"बरं," दीक्षा म्हणाली. बुधवारी म्हणाली होती तसंच, पण या वेळी ती गेली नाही. बॅग उतरवून समोर बसली. डब्यात तांदळाची भाकरी होती आणि सुक्या जवळ्याची चटणी; झाकण उघडताच वास टेबलभर झाला. तीन महिन्यांत पहिल्यांदा ती बसून जेवत होती.

थोड्या वेळानं दारात सुनंदा दिसली, डबा घेऊन. तिच्यामागे सहदेव. मग एकेक करत अकराच्या अकरा जमले, आपापली ठिकाणं सोडून, लाजत, खुर्च्या ओढत. कार्याध्यक्षाकडे डबा नव्हता. दीक्षानं अर्धी भाकरी मोडून त्याच्यापुढे ठेवली, आणि ज्याला कधी भूक लागत नसे त्यानं ती दोन घासांत संपवली.

सहदेवनं सवयीनं फाईल काढली. "अध्यक्ष, हिला घ्यायचं तर दुरुस्ती करावी लागेल. पद कुठलं देऊ?"

"मला पद नको," दीक्षा म्हणाली. "तुमच्यात एक तरी साधा सभासद असू दे."

सगळे हसले, आणि सर्वांत जास्त अध्यक्ष हसला, कारण सर्वांत जास्त लागलं होतं त्यालाच. हसता हसता त्याचं लक्ष तिच्या कोपराशी ठेवलेल्या अर्जाकडे गेलं आणि हसू आटलं.

"दाखल्याचं काय?"

"ऑफिस बंद झालं. सोमवारी उघडेल." दीक्षानं चटणीचं बोट चाटलं. "सोमवारी एक वाजता आधी इथे येते. टेबल रिकामं दिसलं तर मग जाते ऑफिसात."

सोमवारी पाटकोंडची एसटी स्टँडला लागली. सम्यक उतरला आणि समोरच्या हमरस्त्यानं, सगळ्यांच्या देखत, कॉलेजकडे निघाला. एक वाजायला अजून पाच तास होते, पण जागा धरायची होती.