एकदा तरी इथे या

मी एक पोस्टर बोलतोय. दिसायला ऐंशी वर्षांचा, वयानं जेमतेम दीड. माझा पिवळेपणा, घड्या, कोपऱ्यातला चहाचा डाग, सगळं केडगावच्या एका छपाईच्या दुकानात कॉम्प्युटरवर जन्मलं.

पुणे रोडवरच्या एका हॉटेलमालकाला भिंतीसाठी महायुद्धाच्या जागांची पर्यटनाची जुनी पोस्टरं हवी होती. जुनी मिळेनात, म्हणून दुकानात काम करणाऱ्या प्रवीणनं नवीच जुनी केली. हिरवी टेकडी, निळं आभाळ, उतारावर सैनिकांच्या आठवणीचे पांढरे दगड. दगड त्यानं एकच काढला आणि तोच चिकटवत गेला. खाली लिहिलं, ‘इटली. एकदा तरी इथे या.’ अशी टेकडी इटलीत काय, पृथ्वीच्या पाठीवर कुठंच नाही.

हॉटेलात द्यायच्या आधी त्यानं मला पारनेरच्या घरी आणून खाटेवर पसरलं. तिथं त्याच्या आजीनं, छबूबाईनं, मला पाहिलं. ती आईच्या पोटात असतानाच तिचा बाप इटलीच्या लढाईवर गेला, तो गेलाच. प्रेत नाही, राख नाही. आईनं मरेपर्यंत कुंकू पुसलं नाही. त्यामुळं देव्हाऱ्यात त्याचा टाक बसला नाही, की पितरांच्या अमावस्येला त्याच्या नावानं ताट वाढलं नाही. जित्या माणसाचं पितर कोण घालतं?

"ह्यातला माज्या बाचा दगड कंचा?" तिनं विचारलं.

प्रवीण घाईत होता. त्यानं एकावर बोट ठेवलं. "हा."

झालं. मी हॉटेलात गेलोच नाही. देव्हाऱ्याशेजारी मला खिळे ठोकले, चांदीचा टाक घडवून आणला, अमावस्येला माझ्यापुढं ताट आलं. म्हातारी बापासाठी पहिल्यांदाच पोटभर रडली. मला फार लाज वाटली. प्रवीण भिंतीकडं न बघता जेवला. उद्या सांगू, उद्या सांगू, असं करत त्यानं वर्ष काढलं. माणसांना ही खोडच असते.

गेल्या आठवड्यात तिनं मला अंथरुणाजवळ मागून घेतलं. बापाच्या शेजारच्या दगडावर हात ठेवून ती मुलाला म्हणाली, "भाऊसाहेब, माजी राख हितं न्या. बाच्या मांडीवर कदी बसले न्हाई मी."

आता ती फडक्यानं तोंड बांधलेल्या गाडग्यात, माझ्याखाली आहे. भाऊसाहेब पासपोर्टाची चौकशी करून आलेत. "पव्या," ते विचारतायत, "त्या टेकडीच्या गावाचं नाव काय रं?"

प्रवीण माझ्याकडं बघतोय.

माझ्याकडं काय बघतोस, बाबा? तोंड तुला आहे. मला फक्त ‘या’ म्हणता येतं.