शैक्षणिक साधन

मित्रांनो, या देशाची भावी पिढी मी घडवली आहे. म्हणजे वाघोलीच्या एका अनाथ मुलांच्या वसतिगृहातली, आणि तीही बहुतेक पाठीकडून. मी एक जुनी वेताची छडी आहे.

माझा जन्म बुरुडआळीतला. मला पाळण्याची कड व्हायचं होतं. पण अधीक्षक रंगराव सरांनी मला हवेत सपकन फिरवून पाहिलं आणि माझं करिअर ठरलं. ते दर शनिवारी मला खोबरेल तेल लावत. मुलांच्या डोक्यांना तेल नव्हतं. पण वस्तूंची निगा राखावी, असं सर प्रार्थनेच्या वेळी सांगत.

शाळा बुडवली की मी पोटऱ्यांवर, उलट उत्तर दिलं की बोटांवर. चौथीतल्या नम्रताचं एक बोट माझ्याखाली मोडलं आणि वाकडंच जुळलं.

मग हिंजवडीच्या एका सॉफ्टवेअर कंपनीची माणसं आली. दप्तरं, गणवेश त्यांनीच दिलेले. त्यानं मुलांच्या शिक्षणात काय फरक पडला, ते तपासायचं होतं. सरांनी आधीच बजावलं होतं, "जो तोंड उघडेल, त्याला सोलून काढीन." नम्रतानं तोंड उघडायचं ठरवलं.

"बेटा, तू रोज शाळेत का जातेस?" कंपनीच्या अस्मिता मॅडमनी विचारलं.

"न्हाई गेलं तर त्या छडीनं मारत्यात." तिनं बोट पुढे केलं. "ह्ये बगा."

मॅडमचा चेहरा उतरला. "अहो सर, हे काय?"

"नकाशा दाखवायची काठी आहे हो ती," सर हसले. "पोरगी जिन्यावरून पडली. आईबाप नाहीत, मग गोष्टी रचतात."

"हजेरी कधीपासून वाढली?" लॅपटॉपमधून डोकं न काढता केयूरनं विचारलं. तो मॅडमचा सहकारी.

"काठी आणली त्या वर्षापासून," सर म्हणाले. खरं बोलायची सवय नव्हती, पण निघून गेलं.

"बघ अस्मिता! इम्पॅक्ट दप्तरांचा नाहीच, काठीचा आहे. व्हिज्युअल लर्निंग!"

मॅडम त्या बोटाकडे पाहत राहिल्या. मग घड्याळाकडे. खराडीला ट्रॅफिक लागणार होता.

गाडी फाटकाबाहेर पडली आणि सरांनी नम्रताला भिंतीशी उभं केलं. मी तिच्या पाठीवर, मानेवर, कानावर पडत राहिले. रक्त माझ्या पेरांत शिरलं. ती रडेना, म्हणून सर थांबेनात. शेवटी मीच मधून मोडले.

मित्रांनो, आता मी अडगळीत दोन तुकड्यांत पडून आहे. एकच विनंती : एखादं मूल असं बोट पुढे करील, तेव्हा घरी जायची घाई करू नका.

पुढच्या जूनमध्ये कंपनीनं सगळ्या वसतिगृहांना नकाशा दाखवायच्या काठ्या भेट दिल्या. त्या फायबरच्या आहेत. मोडत नाहीत.