बचित्तरसिंगाचा गिअरबॉक्स, नवराजचं इंजिन

इंजिन

नवराजचं. जपानी, डिझेल, भंगारातून निवडून आणलेलं. वर्षभर त्यांच्या गोठ्यात ताडपत्रीखाली पडून होतं. कोंबड्या त्यावर बसत.

गिअरबॉक्स

त्याच्या बापाचा, बचित्तरसिंगाचा. जुन्या जीपला जन्मापासूनचा. दुसरा गिअर टाकताना खरखरतो. म्हातारा म्हणायचा, "माझ्यासारखाच आहे. कुरकुरतो, पण ओढतो."

ही दोन एकमेकांसाठी बनलेली नाहीत. एकाची भोकं दुसऱ्याला जुळत नाहीत. पंजाबच्या सीमेवरच्या डबवालीत जुन्या जीपा नव्यानं बांधायच्या, माझा धंदाच हा: मध्ये जाड लोखंडी प्लेट घालायची, एका अंगाला इंजिनाची भोकं, दुसऱ्या अंगाला गिअरबॉक्सची. गिअरबॉक्सचा दांडा इंजिनाच्या बरोबर मध्यात शिरला पाहिजे. केसभर सरकला की बेअरिंग रडायला लागतं.

जीपला हे इंजिन बसवू, म्हणून नवराज बापाच्या मागे लागला होता. बाप म्हणे, "मी मेल्यावर बसव."

धुकं

जानेवारीतलं. नवराज मोटारसायकलवर. पुढे दिवे नसलेली ट्रॅक्टरची ट्रॉली.

एवढंच.

प्लेट

नवराजसाठीची अखेरची अरदास, गेलेल्या माणसामागची प्रार्थना, झाली आणि थोड्याच दिवसांत बचित्तरसिंग जीप घेऊन माझ्याकडे आला. मागे ट्रॅक्टरवर इंजिन.

"टहल, हे यात बसव."

"सरदारजी, या इंजिनाचा स्वतःचा गिअरबॉक्स मिळतो. प्लेटची भानगडच नको."

"माझाच राहील. त्याला नाही म्हणालो होतो ना? आता देतोय. मी देतोय, कळलं? प्लेटला किती दिवस?"

मी भिंतीकडे बघितलं. खिळ्याला प्लेट टांगलेली होती, तेल लावून, पोत्यात गुंडाळून.

"तयार आहे."

"कुणाची?"

"तुमच्याच जीपची."

"मापाशिवाय? मला उल्लू समजतोस?"

माप असं घेतात: गिअरबॉक्स उतरवायचा, त्याच्या तोंडाला ग्रीस फासायचं, वर पुठ्ठा दाबायचा. भोकांचा ठसा उठतो. गिअरबॉक्स उतरवल्याशिवाय नाही जमत.

हे त्यालाही माहीत होतं. तो प्लेटच्या कडेवरून बोट फिरवत राहिला.

"बैसाखीला," तो म्हणाला. "क्लच बदलायला जीप आणली होती त्यानं, तेव्हा गिअरबॉक्स उतरला असणार. संध्याकाळी आणतो म्हणाला, आणली दुसऱ्या दिवशी. मी अंगणात, सगळ्यांदेखत... एका क्लचला रात्र लागते का रे, नालायका?"

"इथं हसत होता तो. म्हणाला, चाचा, बापू शिव्या घालेल, घालू दे. ठसा नीट उठू दे. आज ना उद्या हो म्हणेल. बापू वरूनच लोखंड आहे."

म्हातारा हसला. हसला, आणि तोंड तसंच उघडं राहिलं.

"म्हणजे मी द्यायचं काहीच ठेवलं नाही त्यानं."

मी पाना शोधायला लागलो. पाना माझ्या हातातच होता.

न्यूट्रल

प्लेट पहिल्याच ढकलीत बसली. कानस लावावी लागली नाही.

आमच्याकडे रीत आहे. ज्याची जीप, त्यानं क्लचवर पाय ठेवून पहिला स्टार्टर मारायचा, मग सगळ्यांनी गूळ खायचा. गूळ मी आणून ठेवला होता. बचित्तरसिंग चालवायच्या बाजूला गेला. सीट पगडीच्या टोकानं पुसली. मग बॉनेटला वळसा घालून डावीकडे जाऊन बसला.

"सरदारजी, बसायचं इकडे."

"माहीत आहे. तू बाहेरूनच चालू कर."

मी हात आत घालून किल्ली फिरवली. इंजिन एका हाकेत उठलं. बेअरिंग गप्प. इतकं सरळ काम माझ्या हातून पुन्हा होणार नाही.

जरा वेळानं मी विचारलं, "गिअर कोण टाकणार?"

त्यानं हात मांडीवर ठेवले होते. शेजारच्या रिकाम्या सीटकडे बघत तो म्हणाला,

"घाई कसली, टहल? त्याला एका क्लचला रात्र लागते."